सगळी मुलं खाली आहेत

वकीलबाईंचं वय दहा. घरातल्या कुठल्याही वादात त्यांना कोणी हरवलेलं नव्हतं, म्हणून बापाने हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. पायांनी जन्मापासून साथ दिली नव्हती, त्याची सगळी भरपाई जिभेने केली होती. चाकांच्या खुर्चीत बसून ती अशी काही बाजू मांडायची की समोरच्याने मुकाट्याने टीव्हीचा रिमोट तिच्या हातात द्यावा.

तिची आई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, आणि जिभेच्या बाबतीत तीही काही कमी नव्हती. मुलीच्या शाळेत तळमजल्यावर अपंग मुलांसाठी एक वेगळा वर्ग होता. रुंद दरवाजा, पटांगणात जायला उतार, मायाळू बाई. सगळे त्याला ‘खालची खोली’ म्हणायचे. मुलीला तिथेच बसवा, असं शाळेचं म्हणणं होतं आणि मुलीच्या बापाचंही.

“अगं, तिथे तिच्याकडे बघायला माणूस आहे. वर एवढ्या पोरांच्या गर्दीत कोण बघणार?” तो म्हणायचा.

“माझी पोरगी म्हणजे काय जास्तीचं सामान आहे, वेगळ्या खोलीत ठेवायला?” हे आईचं ठरलेलं उत्तर.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या दाराशी आईने इतके हेलपाटे घातले की शेवटी त्याच कंटाळल्या. वकीलबाई लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि पाचवीच्या वर्गात पहिल्या बाकाशेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी आईने सगळ्या धुलाईखान्याला चहा पाजला. तेव्हापासून मुलगी रोज वर्गातल्या भांडणांच्या आणि चुगल्यांच्या बातम्या घरी आणत होती. आपण जिंकलो, असं आईला वाटायचं, आणि ती ते नवऱ्याला अधूनमधून ऐकवायचीही.

मग एके दिवशी शाळेने आगीच्या सरावाला मदतीसाठी पालकांना बोलावलं. घंटा झाली की सगळ्या वर्गांनी रांगेत पटांगणात उतरायचं, जो वर्ग लवकर उतरेल त्याचा पहिला नंबर. आईने सुट्टी टाकली. मुलीला मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं तिची गंमत करू. शाळेने आईच्या अंगावर एक ढगळ केशरी जाकीट चढवलं आणि पटांगणात नेमकं पाचवीच्या जागेजवळच उभं केलं. आई खुशीत होती.

घंटा झाली. आधी खालच्या खोलीतली मुलं आली. एकाने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते, एकीची खुर्ची तिथल्या बाई ढकलत होत्या. त्यांना बघून आई मनात ‘बिचारी’ म्हणाली, आणि आपली त्यांच्यात नाही याचं तिला बरं वाटलं. तेवढ्यात जिन्यावरून पाचवी धडधडत उतरली, वरच्या मजल्यांवरची सगळ्यांत पहिली. वर्गाच्या बाईंनी घड्याळ थांबवलं, रांगेवरून एकदा बोट फिरवलं आणि हात वर केला.

“पाचवी! सगळी मुलं खाली आहेत!”

आईने टाळी वाजवली, आणि वाजवता वाजवताच ती खुर्ची शोधू लागली. रांगेत नव्हती. जिन्यापाशी नव्हती. लिफ्टच्या बंद दारावर पाटी लटकत होती: आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये.

“बाई, माझी मुलगी कुठे आहे?”

“अय्या, तुम्ही? ती वर आहे. काळजी करू नका, वर्गातच आहे.”

“वर?”

“सरावात लिफ्ट बंद असते ना.” दुकान दुपारी बंद असतं, असं सांगावं तसं बाईंनी सांगितलं.

“पण आत्ता तुम्हीच म्हणालात, सगळी मुलं…”

“ते सरावापुरतं हो.”

या बाई वाईट असत्या तर सोपं होतं, दोन शब्द सुनावता आले असते. पण याच बाई मुलगी आजारी असताना घरी येऊन गणितं शिकवून गेल्या होत्या. आई जिन्याकडे पळाली.

वरचा मजला सुनसान होता. वर्गात पंखे फिरत होते. वकीलबाई रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसून वहीत घोड्याचं चित्र काढत होत्या.

“आई! तू कशी काय? सराव चालू असताना वर यायचं नसतं.”

“तू इथे काय करतेस?”

“सराव. माझं इथे थांबायचं काम आहे. खरी आग लागली की कोणीतरी मला न्यायला येणार.”

“कोण येणार?”

“ते अजून ठरायचंय.”

“दर वेळी अशीच बसतेस? आणि मला बोलली नाहीस?”

“तू परत मोठ्या बाईंकडे भांडायला गेली असतीस.”

तेवढ्यात बाहेरचा कर्णा खरखरला. पाचवीचा पहिला नंबर! वकीलबाईंनी पेन्सिल टाकून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. “आम्ही पहिले! परत आम्हीच!”

“आम्ही म्हणजे कोण गं? तू तर इथे बसलीयेस.”

“असं काय करतेस? मला न्यायला थांबले असते तर पहिले आलो असतो का?”

खालची खोली नको म्हणून आई भांड भांड भांडली होती, आणि या लोकांनी वर एका मुलीची वेगळी खोली करून ठेवली होती. त्या खोलीला ना उतार होता, ना बाई. आणि पोरगी तिथे बसून टाळ्या वाजवत होती, याची आईला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

तिने मुलीला उचललं.

“आई, नको! सगळे माझ्यावर चिडतील. नंबर जाईल आमचा!”

“जाऊ दे.”

चादरींचे गठ्ठे उचलून कमावलेले हात, तरी पहिल्या मजल्यावर येईपर्यंत ती धापा टाकू लागली. मधे एकदा भिंतीला टेकली, पण मुलीला खाली ठेवलं नाही. दोघी पटांगणात आल्या. खालच्या खोलीतल्या बाई लगबगीने पुढे झाल्या. “आणा इकडे, आमच्यात बसवा तिला, खुर्ची आहे.” मनापासून म्हणाल्या त्या. मुलीने आईच्या गळ्याभोवतीची मिठी घट्ट केली.

“तिथे नाही. आमच्या रांगेत.”

मग मुलीने आपली रांग पाहिली. वर्गाची खिडकी रस्त्याकडची, त्यामुळे इतके सराव झाले तरी ही रांग तिला कधी दिसलीच नव्हती. मुलं खांद्याला खांदा लावून उभी होती. तिच्या मैत्रिणीच्या शेजारी तिची जागा असायला हवी होती, तिथे दुसरीच मुलगी उभी होती. मधे कुठे बोटभरही फट नव्हती. वकीलबाईंनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा नजर फिरवली.

“बाई, आता मोजा,” आई म्हणाली.

“म्हणजे आमचा नंबर गेला?” रांगेतून कोणीतरी कुरकुरलं. बाईंचं बोट वर आलं आणि तसंच थांबलं. मोठ्या बाई घाईघाईने पुढे आल्या, आईच्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, असं काय करता? हा नुसता सराव आहे. खरी आग लागली तर आम्ही हिला वर सोडून येऊ का?”

आई तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून मुलगी बोलली. वाद घालायचा तिचा आवाज हा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“पण मोठ्या बाई, सराव तर सगळ्यांनी मला सोडून यायचाच केलाय ना?”