सगळ्यांना एकच पुडी

मित्रांनो, मी काळ्या दगडाचा एक जुना खल आहे. काठाचा टवका उडालेला, तळ झिजून गुळगुळीत झालेला. माझ्या आधीचा दगड शेवटच्या घावाला दुभंगला होता, म्हणून पाथरवटाने मला फार जपून घडवले. मग दोन बहिणींनी मला त्यांच्या दवाखान्यात आणले.

दवाखाना दोनच खोल्यांचा. आत थोरली सुया टोचून उपचार करी, बाहेर धाकटी माझ्यात औषधी मुळ्या कुटी. थोरली मोजके बोलणारी, तर धाकटीच्या तोंडाला कुलूप नाही. झाडे फुलली, हवेत पराग उडू लागले की आमच्या बाकावर बसायला जागा उरत नसे. लाल डोळे, गळकी नाके, आणि एकाला शिंक आली की शेजाऱ्यालाही आलीच!

एका वर्षी त्या बाकावर एक बस ड्रायव्हर येऊन बसले. माणूस धिप्पाड, पण रडकुंडीला आलेला.

"ताई, लागोपाठ आठ-आठ शिंका येतात," ते म्हणाले. "शिंकताना डोळे मिटतात आणि मागे चाळीस माणसं बसलेली असतात. गोळी घेतली तर झोप येते. इकडे आड, तिकडे विहीर."

"आडवे व्हा. सुया केसासारख्या बारीक आहेत," थोरली म्हणाली.

"सुई बघितली की मला घेरी येते हो!"

"चाळीस माणसांना घेऊन घाट उतरता आणि सुईला भिता?" धाकटी बाहेरूनच ओरडली.

ते हसले, आणि हसता हसता पहिली सुई लागलीसुद्धा. नाकपुड्यांच्या कडेला दोन, भुवयांच्या मध्ये एक, दोन्ही हातांच्या अंगठ्याशेजारच्या बेचक्यांत एकेक. जरा वेळाने ते स्वतःच्याच घोरण्याने दचकून जागे झाले.

"मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही," थोरली म्हणाली. "पण बराच उतार पडेल. आणि डॉक्टरांना दाखवणं सोडायचं नाही."

मग धाकटीने त्यांना समोर बसवून विचारले. झोप कशी लागते, पोट कसे आहे, दुसरे औषध कोणते चालू आहे?

"ब्लड प्रेशरची गोळी घेतो."

धाकटीने त्यांच्या कार्डावर लाल शाईने लिहिले, 'ज्येष्ठमध नको.' ज्येष्ठमध घशाला गोड, पण रोज पोटात गेला तर रक्तदाब चढवतो. तिने त्यांच्यापुरती सुंठ आणि पुदिना माझ्यात वेगळा कुटला. त्या मोसमात ड्रायव्हरांच्या शिंका दोन-तीनवर आल्या. जाताना त्यांनी माझ्यावर टिचकी मारली. "यात काहीतरी जादू आहे," म्हणाले. मी उगाचच फुशारलो.

पुढे गर्दी वाढली आणि दवाखान्यात मिक्सर आला. मला दाराला अडसर म्हणून जमिनीवर ठेवले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण खरी गोष्ट वेगळीच होती. माझ्यात एकेकाचे औषध कुटले जाई, तेव्हा धाकटी आधी कार्ड काढून बघे. आता तिने ज्येष्ठमध घातलेल्या चूर्णाची एक मोठी बरणी भरून ठेवली. सगळ्यांना एकच पुडी.

"नाक तर सगळ्यांचं सारखंच गळतं ना!" ती हसून म्हणे.

ड्रायव्हरांनाही तिने तीच पुडी दिली. ओळखीचे माणूस, काय विचारायचे? त्यांनीही ती इमानेइतबारे, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे घेतली.

एका दुपारी ते भिंत धरत आत आले. पाय सुजल्याने बुटांच्या नाड्या सोडलेल्या.

"डोकं ठणकतंय, ताई. डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून बस कडेला घेतली."

थोरलीने रक्तदाब मोजला. चेहरा न बदलता ती म्हणाली, "आज सुई नाही. चला, हॉस्पिटलात जाऊ." ती स्वतः गाडीत बसून त्यांच्याबरोबर गेली. धाकटीने खणातून कार्ड काढले. लाल अक्षरे जशीच्या तशी होती. ते घेऊन ती दाराशी जमिनीवर बसली, अगदी माझ्या शेजारी.

डॉक्टरांनी पुडी बंद केली. रक्तदाब हळूहळू उतरला आणि ड्रायव्हर घरी गेले. धाकटी त्यांना भेटून आली आणि थोरलीला सांगू लागली. मी दाराशी ऐकत होतो.

"म्हटलं, दादा, माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं. तर रागावले नाहीत गं. एवढंच म्हणाले, 'मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे.' चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

थोरलीने बरणी उचलून धाकटीच्या हातात दिली. धाकटीने ती तिथेच रिकामी केली.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. मिक्सरही आहे, त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण कार्ड उघडल्याशिवाय कोणाचेच औषध कुटले जात नाही. ड्रायव्हर अजून येतात, डोळे घट्ट मिटून सुया टोचून घेतात. डॉक्टरांनी झोप न आणणारा नाकातला फवारा दिला आहे, तोही नेमाने वापरतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी दगड आहे, टिकेन. पण 'झाडपाल्याचे तर आहे, त्याने काय होते?' असे म्हणून कोणाच्या हातावर पुडी ठेवू नका. माणूस कितीही ओळखीचा असो, आधी विचारा. आणि कोणी विचारायला विसरलेच, तर गप्प बसू नका, आपणहून सांगा.