वसरामची सही

करुणाचं नाव पोलीस भरतीच्या निवड यादीत लागलं तेव्हा सोनाजीनं अख्ख्या वस्तीत पेढे वाटले, आणि त्याच दिवसापासून त्याच्या लेकीला भीती लागली. मैदान झालं, लेखी झाली, मेडिकल झाली. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. म्हणजे ठाण्यातून माणूस घरी येणार, पोरगी कशी आहे म्हणून चार जणांना विचारणार आणि तसं लिहून वर पाठवणार. तोवर वर्दी काही अंगावर चढत नाही.

हिंगोलीच्या भरती अकॅडमीतल्या सरांनी तीन वर्षं एकच पाठ घोकून घेतला होता. ठाण्याच्या वहीत नाव चढलं की वर्दी गेली. कशासाठी चढलं, हे कुणी विचारत नाही. डीजेपुढच्या हाणामारीत नाव गोवलं गेलेल्या एका पोराच्या तोंडचा घास कसा गेला, हा किस्सा सगळ्यांना पाठ होता. म्हणून भरतीची पोरं-पोरी जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा डीजेपासून चार हात लांब चालत. गावात भांडण लागलं की घरात जाऊन कडी लावत. पंच म्हणून सही करायची वेळ आली की पोटात दुखतंय म्हणून झोपून राहत. पोलीस व्हायला निघालेल्या लेकरांना पहिला धडा पोलिसांपासून लपायचा मिळत होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

सोयाबीनची काढणी चालू होती. पुढे ट्रेनिंगात मागं पडू नये म्हणून करुणा रोज उजाडता उजाडता सेनगावच्या रस्त्यानं धावायची. त्या दिवशी तिच्यापुढं दूधवाला जळबा सायकलवर चालला होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकावून. समोरून पांढरा पिकअप आला, रस्ता सोडून जळबाच्या अंगावर गेला, आणि म्हातारा सायकलीसकट खाली नालीत. पिकअप थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं जळबाकडं पाहिलं, मग करुणाकडं पाहिलं, आणि गाडीत बसून निघून गेला. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. नंबर तिनं बरोबर वाचला होता.

फोन घरी होता. दोन किलोमीटर ती अशी पळाली की मैदानावरही कधी पळाली नव्हती. माणसं आली, एकशेआठची ॲम्ब्युलन्स आली, जळबाला उचलून नांदेडला नेलं. काय झालं, कसं झालं, कुणी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मी आले तवा ते पडलेलेच होते." तीन वर्षांचं घोकणं ऐन वेळी असं कामी आलं.

दुपारी पोलिसांची जीप गावात आली. करुणा आतल्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांमागं जाऊन बसली. माय, म्हणजे पद्माबाई, विचारायला लागली तर तिला सांगितलं, डोकं दुखतंय. संध्याकाळी सोनाजी बातमी घेऊन आला की पोलिसांनी तांड्यावरच्या वसरामचा ट्रॅक्टर नेला. पुढचा एक दिवा फुटलेला होता, आणि त्या पहाटे तो त्याच रस्त्यानं मळणीला गेला होता. तेवढं पुरलं. वसरामवर गुन्हा नोंदवला.

लेखी परीक्षेच्या दिवशी एसटी आली नव्हती, तेव्हा याच वसरामकाकानं मळणी सोडून करुणाला ट्रॅक्टरवर सेनगावला पोचवलं होतं. तो दिवा तर पोळ्याआधीपासून फुटका होता, तिनं स्वतः पाहिलेला. पण साक्ष द्यायची म्हणजे ठाण्यात जायचं, आणि ठाण्यात गेलं की वहीत नाव. ती स्वतःला म्हणाली, जळबाकाका शुद्धीवर येतील, तेच सांगतील. जळबाला शुद्ध काही येईना. वसराम रोज ठाण्यात जाऊन बसत होता, ऐन हंगामात त्याचं मळणीयंत्र तांड्यावर उघडं पडलं होतं, आणि करुणाला जेवण जाईना. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की ती बांधाआड व्हायची. त्या ड्रायव्हरनं आपला चेहरा पाहिलाय, हे तिच्या डोक्यातून हलत नव्हतं. धावणं तिनं बंदच केलं. आपण चांगलं करत नाही आहोत, हे तिला पक्कं कळत होतं. भीती त्याहून मोठी होती, एवढंच.

नवव्या दिवशी सकाळी रतनसिंग जमादार फाईल घेऊन दारात उभा राहिला. पडताळणीला. सोनाजीनं खुर्ची दिली, पद्माबाईनं चहा टाकला. जमादार मोकळा माणूस होता. त्यानं शेजारच्यांना विचारलं, नावं लिहिली, सह्या घेतल्या. अजून एक जण पाहिजे म्हणाला, नात्यातला नसलेला. सोनाजीनं त्यासाठी वसरामला आधीच सांगून ठेवलं होतं. तो धुतलेला सदरा घालून ओसरीला बसलेलाच होता. कुणी सांगायच्या आत पुढं झाला, "पोरगी सोन्यासारखी हाय साहेब. लहानपणापासून पाहून राहिलो," म्हणाला आणि सहीसाठी खिशातला पेन काढला.

जमादारानं कागद मागं घेतला. "तुझी सही चालत न्हाई वसराम. तुझ्यावरच गुन्हा हाय."

"बराबर हाय," वसराम म्हणाला. त्यानं पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवला आणि मान खाली घालून परत ओसरीला जाऊन बसला.

करुणानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. तिला वाटलं, आता बोलले तर सगळं गेलं, बापाचे पेढे, तीन वर्षं, सगळं. आणि वाटत असतानाच ती बोलली. "साहेब, काकानं न्हाई उडवलं. पिकअप होता. मी पाहिलं." आणि नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून.

सोनाजी लेकीकडं असा पाहत राहिला की तिला नजर वर करवेना. तिनं जमादाराला विचारलं, "आता माझी नोकरी गेली का?"

"काहून जाईल? गुन्हेगाराचं नाव आडवं येतं पोरी, साक्षीदाराचं न्हाई. हे तुला कोणी शिकवलं?"

म्हणजे नऊ दिवस करुणा ज्याला भीत होती ते कुठं नव्हतंच. हायसं वाटायला हवं होतं. तिला शरमेनं रडू आलं.

दुपारी ठाण्यात जबाब झाला. जमादार म्हणाला, नऊ दिवसांत गाडीची काच बदलते, रंगसुद्धा बदलतो, तरी पाहू. मग त्यानं पेन थांबवून विचारलं, तवाच काहून सांगितलं न्हाई, कोर्टात हे पहिलं विचारतील. तिनं खरं तेच सांगितलं. त्यानं लिहिलं, 'भीतीपोटी मी गप्प राहिले', आणि कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.

बाहेर वसराम झाडाखाली उभा होता. समोर त्याचा ट्रॅक्टर धुळीनं भरला होता. तो ओरडेल, शिव्या देईल, असं तिला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तू पाहिलं होतं?" त्यानं विचारलं.

"व्हय काका."

त्यानं पुढं होऊन ट्रॅक्टरच्या फुटक्या दिव्यावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "तुझं नाव लागलं तवा मी साऱ्या तांड्याला सांगितलं होतं लेकी. आता आपली पोरगी ठाण्यात बसणार, आता आपल्याला भ्यायचं काम न्हाई."