स्वयंपाकघरातली खिडकी

लेखकाचं लहानपणीचं घर स्मारक म्हणून जतन करायचं ठरलं, तेव्हा ते काम हाती घेतलेल्या वास्तुकार तरुणीला खरा आधार मिळाला तो त्याच्या थोरल्या बहिणीचा. ताईंनी सत्तरी ओलांडली होती, पण कुणाचा पलंग कुठे होता, भिंतींना कुठला रंग होता, आई साखरेचा डबा कुठे दडवायची, हे त्यांना काल घडल्यासारखं आठवे. भावाच्या एकाही पुस्तकात मात्र त्या नव्हत्या. "लहानपणी फार बदडलंय मी त्याला, त्याचा सूड उगवला मेल्याने," असं म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

वाद झाला तो एका खिडकीवरून. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आईशी मारलेल्या गप्पांवर त्याने पानंच्या पानं लिहिली होती, आणि वाचक नेमकी तीच शोधत येणार होते. पण तिथे तर कोरी भिंत होती.

"खिडकी कुठली? जन्माचा थापाड्या तो," ताई म्हणाल्या. "पण लाडका होता गं. करून टाक त्याची थाप खरी."

गवंड्याने घाव घातले, गिलावा ढासळला आणि आत विटांनी बुजवलेली जुनी चौकट दिसली. तिचं खालचं लाकूड मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं, वर्षानुवर्षं कुणी तिथे बसत आल्यासारखं.

ताई कितीतरी वेळ त्या लाकडावरून हात फिरवत राहिल्या. "ही मला कशी आठवत नाही, पोरी? मी तर इथेच वाढले ना?"

"विसरतं माणूस, ताई," म्हणत तिने त्यांना जवळ घेतलं.

त्यानंतर काहीही विचारलं की ताई अडखळत. "पुस्तकात बघ," म्हणत, "तेच खरं असेल."

विटा निघाल्या, काच बसली, त्या दुपारी मात्र त्या पुष्कळ दिवसांनी खुलल्या. "थांब हं, बाहेरून कशी दिसते बघून येते," म्हणाल्या आणि मागच्या दाराने अंगणात गेल्या. तरुणी खिडकीशी उभी राहिली. लख्ख उन्हात सगळं अंगण समोर होतं, नळापासून कडी घातलेल्या फाटकापर्यंत.

काचेला अगदी लागून ताईंचा आवाज आला, "मी दिसतेय ना गं?"

रिकाम्या अंगणाकडे बघत ती मायेने म्हणाली, "दिसताय की, ताई."