डोली खाली ठेवायची नाही

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. डोली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर झालरी लावलेली, फुलांनी सजवलेली डोली आली असेल. मी तशी नाही. दोन लांब बांबू, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मध्ये ताणून शिवलेले जाड कापड, एवढाच माझा संसार. जिथे गाडी पोहोचत नाही, तिथून आजारी माणसाला खांद्यावरून दवाखान्यात न्यायचे, हे माझे काम. माझ्यात निजून कोणी हसत गेल्याचे मला आठवत नाही.

मला घडवणारा सुतार डोंगरावरच्या अगदी वरच्या गावात राहत असे. एका सकाळी त्याच्या बायकोच्या पोटात कळा उठल्या आणि दुपारपर्यंत ती बोलेनाशी झाली. दवाखाना पार खाली, नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. सुतार, त्याचा भाऊ आणि दोन शेजारी असे चौघे तिला खाटेवर घालून निघाले. खाट जड आणि वाट निसरडी. अर्ध्या वाटेतच चौघांचे हात गळून गेले. वाटेत गावे होती. गावांत माणसे होती. ओट्यावर बसून ती बघतही होती. पण त्यांनी विचारले नाही आणि या चौघांनी हाक मारली नाही. ओळखच नव्हती, मग हाक कोणत्या नावाने मारायची? दवाखान्याचे फाटक दिसू लागले, तेव्हा खाटेवरून तिचा हात खाली लोंबकळत होता.

त्यानंतर सुतार बरेच दिवस हत्याराला शिवला नाही. पुन्हा कामाला बसला, तो मला घडवायलाच. बांबू त्याने स्वतः निवडून आणले. शिंप्याने तंबूच्या कापडाला दुहेरी शिवण घातली आणि वर पुन्हा एक टीप मारली. सुतार म्हणाला, "पुरे की." शिंपी म्हणाला, "माणूस तोलायचाय, पीठ नाही."

त्या भागातल्या गावांतून एक नर्स पायी फिरत असे. सगळे तिला नर्सबाई म्हणत. सुताराने मला तिच्यापुढे नेऊन ठेवले.

"बाई, ही केलीय. आता कुणाला खाटेवरून न्यायला नको."

नर्सबाईंनी माझे बांबू दाबून पाहिले. "छान झालीय. पण ही उचलणार कोण?"

"आम्ही चौघं आहोतच."

"तेव्हाही चौघंच होता ना," बाई हळू आवाजात म्हणाल्या. सुतार माझ्या बांबूला टेकून खाली बसला. मग बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि दोघे बराच वेळ बोलत राहिले. माझा खरा जन्म त्या बोलण्यातून झाला, असे मी मानते.

बाईंचे म्हणणे साधे होते. एका गावाने सगळी वाट चालायची नाही. आपल्या गावातून पुढच्या गावाच्या वेशीपर्यंतच न्यायचे. तिथून पुढच्या गावाने खांदा द्यायचा. डोली निघाली की शिट्टी वाजवायची. ती ऐकली की पुढच्या गावातल्या चौघांनी हातातले काम टाकून वेशीवर यायचे.

सांगायला सोपे, जमवायला महाकठीण. बाई दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत जाऊन आल्या. इकडचे म्हणाले, दवाखाना तिकडचा आहे. तिकडचे म्हणाले, आजारी इकडचे आहेत. मग बाईंनी कचेऱ्यांचा नाद सोडला आणि उंबरे झिजवायला सुरुवात केली. सोबत सुतार, आणि सुताराच्या खांद्यावर मी.

गिरणीच्या गावात त्यांना सांगितले गेले, "आमची पुरुषमाणसं दिवसभर बाहेर कामावर असतात. उचलणार कोण?"

"मग दळणाची पोती डोक्यावरून कोण आणतं?" बाईंनी विचारले.

"बायका."

"झालं तर मग."

गिरणीवाल्या मावशी दारातून हे ऐकत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे तिघींना हाक मारली, आणि त्या गावाच्या चौघीजणी ठरल्या.

ओढ्याकाठच्या गावात दुकानदार अडून बसला. "ओळख ना पाळख. वरच्या गावातल्या माणसांना आम्ही का उचलायचं?"

बाई म्हणाल्या, "मेल्यावर चार खांदे सगळ्यांना मिळतात हो. ते जिवंतपणी मिळावेत म्हणून फिरतेय मी."

डोली उचलण्याच्या सरावाच्या दिवशी दुकानदार स्वतः हजर होता. अंगाने चांगला भरलेला, त्यामुळे आजारी म्हणून त्यालाच निजवावे असे सगळ्यांच्या मनात आले. पण बाईंनी कोणाचे ऐकले नाही. त्या आधी स्वतः माझ्यात निजल्या. "नवशिके हात आहेत. पडायचंच असेल तर मी पडेन," एवढेच म्हणाल्या.

अशी माझी वर्षे सुरू झाली. मी ताप वाहिला, मोडलेली हाडे वाहिली, कण्हणाऱ्या बाळंतिणी वाहिल्या. काही जण माझ्यातून गेले आणि महिनाभराने आपल्या पायांनी वर चढून आले. काही आले नाहीत. पण वाटेत हात गळले म्हणून कोणी गेले, असे पुन्हा घडले नाही.

फक्त एक सल होता. ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत पाण्यावरून वैर होते. अलीकडच्या चौघांचा म्होरक्या होता लोहार, पलीकडच्यांचा गवंडी. गवंडी म्हणजे लोहाराच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. पण दोघा मेहुण्यांत वर्षानुवर्षे शब्द नव्हता. काम दोघेही करीत, पण एक अट घालून. लोहाराच्या माणसांनी मला ओढ्याकाठच्या झाडाखाली जमिनीवर ठेवून निघून जायचे. ती दिसेनाशी झाली की गवंड्याच्या माणसांनी ओढा ओलांडून मला उचलायचे. मधल्या वेळेत आजारी माणूस तिथे एकटा पडून राही. कोणी माझ्या बांबूला घट्ट धरून ठेवी. एक आजोबा नुसते "कोणी आहे का, कोणी आहे का" असे पुटपुटत राहिले होते. मी होते. पण मला कुठे बोलता येत होते?

मग एके दिवशी वरच्या गावात ओल्या दगडावरून पाय घसरला आणि नर्सबाईंचेच कमरेचे हाड मोडले. शिट्टी वाजली. वरच्या गावाने त्यांना आणले, मावशींच्या चौघींनी पुढे नेले, लोहाराने खांद्यावर घेतले. झाडाखाली आल्यावर लोहाराची माणसे वाकू लागली.

"खाली ठेवू नका," बाई म्हणाल्या.

"बाई, इथं तशीच रीत आहे. आम्ही गेलो की ते येतात," लोहार म्हणाला.

"माहीत आहे मला. तुम्ही इथं ज्यांना ठेवलंत, त्यांना मी दवाखान्यात विचारलंय. सगळे एकच सांगतात. वाटलं, आपल्याला टाकून दिलं."

लोहार तसाच उभा राहिला. ओढ्यापलीकडे गवंडी आणि त्याचे सोबती लोहाराची माणसे जाण्याची वाट बघत उभे होते. वेळ जात होता. पण हाक काही त्याच्या तोंडून फुटेना. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. वेदनेने त्यांचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्यांनी खाली ठेवायला सांगितले नाही.

शेवटी गवंडीच पाण्यात उतरला. ओढा ओलांडून तो लोहाराजवळ आला आणि त्याने त्याच बांबूखाली आपला खांदा दिला. क्षणभर दोघांनी मिळून मला पेलले.

"डावीकडं जपून," लोहार खालच्या आवाजात म्हणाला. "तिकडचं हाड मोडलंय."

"बरं," गवंडी म्हणाला.

गवंड्याच्या सोबत्यांनीही येऊन खांदे दिले. लोहार बाजूला झाला, पण मागे फिरला नाही. बाईंची पिशवी उचलून तो डोलीच्या मागून चालू लागला. गवंड्याने मान न वळवता विचारले, "कुठं निघालास?"

"नदीच्या पुलापर्यंत येतो. उतार आहे. लागलो तर असावं."

त्या दिवसापासून मला कधीही दोन गावांच्या मध्ये जमिनीवर ठेवले गेले नाही. 'डोली खाली ठेवायची नाही' हा सगळ्या वाटेचा नियम झाला. नर्सबाई वाचल्या, पण त्यांना डोंगर चढता येईना. त्या खाली नदीकाठी राहू लागल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला वरच्या गावांची खुशाली विचारत राहिल्या.

मित्रांनो, पुढे डांबरी रस्ता आला आणि त्यावरून रुग्णवाहिका आली. कोणी आजारी पडले की फोन जाई आणि ती धावत येई. मला आनंदच झाला. माझा सत्कारही झाला. एका मोठ्या साहेबांनी माझ्यावर भाषण केले, सगळ्यांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. त्यानंतर मला वरच्या गावातल्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. माझ्यावर फुटके फळे आले, मोडक्या खुर्च्या आल्या. कोणीतरी माझे कापड कापून सायकलच्या सीटला गवसणी केली. शिट्ट्या हरवल्या. नर्सबाई गेल्या, तेही मला खिडकीतून आलेल्या बोलण्यावरून कळले.

मग एका पावसाळ्यात दरड कोसळली. रस्ता दरीत गेला, फोन बंद पडले. त्याच सकाळी शाळेतल्या नव्या बाईंच्या पोटात कळा उठल्या. त्यांचे गावात ना माहेर ना सासर. सुताराचा मुलगा, आता स्वतःच केस पिकलेला, खुर्च्या बाजूला फेकत माझ्यापर्यंत आला. माझ्या रिकाम्या बांबूंना त्याने चादरी गुंडाळल्या आणि चौघे निघाले. तोंडात बोटे घालून त्याने शिट्टी मारली.

वेशीवर कोणी नव्हते.

माणसे वाईट नव्हती, मित्रांनो. शिट्टी त्यांनी ऐकली, पण ती आपल्यासाठी आहे हे त्यांना कळले नाही. थकलेले चौघे दारोदार हाका मारत फिरले. लोक बाहेर आले, धावलेही. पण पुढे कोणाला बोलवायचे, कोणाचे घर कुठे, काहीच कोणाला ठाऊक नव्हते. एक उंच आणि एक ठेंगणा असे जोडीला लागले आणि शाळेच्या बाई माझ्यातून घसरता घसरता वाचल्या. तेवढ्यात काठी टेकत एक वाकलेली म्हातारी दारात आली. त्या गिरणीवाल्या मावशी होत्या.

"डोली निघालीय, आणि तुम्ही बोलत काय उभे?" त्या म्हणाल्या. "उंच माणसं खालच्या अंगाला. आणि एकानं पुढं पळा, ओढ्याच्या गावाला सांगा."

तरीही दवाखाना यायला दिवस कलला. दुखणे पोटातल्या गाठीचे होते, आणि ती वाटेतच फुटली होती. शाळेच्या बाई कितीतरी आठवडे मरणाच्या दारात पडून होत्या. त्या परतल्या, तेव्हा हाताला धरून आणावे लागले.

परतल्यावर त्यांनी उशीर कोणामुळे झाला, हे विचारले नाही. काठी घेऊन त्या खालच्या गावांत गेल्या. प्रत्येक घरात एवढेच बोलल्या: "मला तुम्ही उचललंत. मला तुमची नावं माहीत नाहीत. सांगाल का?" नाव सांगता सांगता माणसे त्यांना बसवून घेत, पाणी देत, आणि पुढच्या गावापर्यंत सोबत येत.

आता मला नवे कापड लागले आहे. महिन्यातून एकदा मी वरून खाली अशी फिरते. रस्ता दुरुस्त झाला, रुग्णवाहिकाही पुन्हा येऊ लागली, तरी हा सराव चालू आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला वाळवी लागली तर कोणीतरी सुतार दोन बांबू आणील आणि माझ्यासारखी दुसरी डोली करील. ओळखीला वाळवी लागली, तर ती दुरुस्त करणारा सुतार कुठे मिळायचा? म्हणून एवढेच करा. तुमच्या गावाची वेस जिथे संपते, तिथून पुढे पहिले घर कोणाचे आहे, ते आजच जाऊन विचारून या.