खंडेनवमीची सुट्टी

सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा वैजयंतीबाईंचा लग्नाआधीपासूनचा नेम. गेल्या वर्षापासून त्यात एक भर पडली होती. तुळशीपासून आत आल्या की त्या थेट मुलाच्या खोलीत जायच्या आणि टेबलाखालच्या संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवायच्या. डबा कोमट लागला, म्हणजे काम चालू आहे. मग पाणी.

अद्वैत त्यांचा एकुलता एक. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजचे जिने चढताना त्याचे पाय लटपटायला लागले. भोपाळ झालं, नागपूर झालं, मुंबई झाली, आणि स्नायू हळूहळू विरत जाण्याचा आजार आहे, औषध अजून निघालेलं नाही, एवढं कळून माणसं भोपाळच्याच इंद्रपुरीतल्या घरी परतली. खाटेवर पडल्या पडल्या त्याने इंटरनेटवर एक गट शोधला. शास्त्रज्ञांना याच आजाराचं एक अवाढव्य गणित सोडवायचं होतं. ते त्याचे तुकडे करून जगभर वाटत, आणि लोक आपापल्या घरच्या संगणकावर एकेक तुकडा सोडवून परत पाठवत. पैसे नाहीत, सक्ती नाही.

"गणपतीच्या महाप्रसादाला मंडळ घरोघरी कणीक वाटतं ना पोळ्यांसाठी? तसंच," त्याने आईला समजावलं होतं.

"मग आपल्या पोळ्या जाड नकोत व्हायला," त्या म्हणाल्या होत्या, आणि तो बऱ्याच दिवसांनी हसला होता.

या वर्षी हातही गेले. माऊस हलेना, तेव्हा भाद्रपदात त्याने आईच्या हातून एक मोठा तुकडा उतरवून घेतला, महिन्याहून अधिक चालणारा. बटणं कुठली दाबायची, बंद-चालू कसं करायचं, सगळं तिला शिकवलं. "हा एक माझ्या नावावर जमा होऊ दे आई. इतका मोठा आमच्या गटात कुणी केलेला नाही." आयुष्याकडे त्याचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

अष्टमीला त्याच्या छातीत कफ दाटला आणि त्याला आयसीयूत ठेवावं लागलं. भेटायची वेळ फक्त संध्याकाळची. त्यामुळे नवमीच्या सकाळी नवरा-बायको दोघंही घरी, आणि दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळेना. म्हणून वैजयंतीबाईंनी पूजा मांडली. विलासराव कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे पाने, हातोडी, मापं घेण्याची हत्यारं पाटावर ठेवून झाली, तेव्हा त्या थांबल्या.

"अहो, त्याच्या डब्याचीही करावी म्हणते. त्याचं हत्यार तेच की. पण आज पूजेतल्या हत्याराला काम लावत नाहीत."

"मग बंद कर. आमच्याकडे पूजेच्या दिवशी एवढ्या मोठ्या मशीनी गप बसायच्या. हा डबा एक दिवस बसला तर काय आभाळ कोसळतंय? रात्रंदिवस घासतोय बिचारा."

"अद्वैतला विचारायला हवं होतं."

"तोंडावर मास्क आहे त्याच्या. काय विचारतेस?"

अद्वैतने शिकवलं होतं तसंच, क्रमाने, त्यांनी यंत्र बंद केलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. 'माझ्या लेकराला हात दे,' एवढंच मागितलं. डब्यातल्या पंख्याची घरघर थांबली तशी चौकात बसवलेल्या देवीच्या झांकीचा, मांडवातला भोंगा खोलीत शिरला.

दसऱ्याला सकाळी फूल उतरवून त्यांनी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. तासाभरात फोन वाजला. गटाचं काम बघणारा विक्रांत, पुण्याचा.

"काकू, अद्वैत फोन उचलत नाही. त्याचा मोठा तुकडा वेळेत आला नाही. काल रात्रीपर्यंतची मुदत होती. लाइट गेली होती का?"

त्यांनी खरं ते सांगितलं.

"थोडंसंच राहिलं होतं हो," विक्रांत म्हणाला.

"मग आता पुरं होईल ना. चालू केलाय मी. संध्याकाळपर्यंत पाठवते."

"मुदत टळली की तो तुकडा आपोआप दुसऱ्याकडे जातो, काकू. गेलाय पण."

"तुम्ही सांगून बघा. कुणी साहेब असतील. म्हणावं, आईची चूक आहे, मुलाची नाही."

"साहेब नाहीत यात कुणी. प्रोग्राम आहे."

"आमच्यात व्रत मोडलं तर त्याला प्रायश्चित्त असतं, बाळा. याला काही असेल."

"नाही हो काकू," तो अगदी हळू म्हणाला. त्याच्याही हातात काही नव्हतं, हे त्यांना त्या आवाजावरून कळलं.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सने क्षणभर मास्क बाजूला केला. वैजयंतीबाईंनी ठरवलं होतं की आज बोलायचं नाही. पण मुलाने विचारलंच, "गेला का तुकडा?" आणि त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

अद्वैत छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं. ते पुसायला त्याचा हात उठत नव्हता, म्हणून त्यांनी पदराने पुसलं.

"त्यांनी ते धरलेलंच असतं आई," तो तुटक तुटक म्हणाला. "कुणाचं मशीन बिघडतं. कुणी कंटाळतं. कुणी मधेच जातं. म्हणून प्रत्येक तुकड्याला दुसरा माणूस तयार ठेवतात. काम अडत नाही."

"माझं अडतं रे," त्या म्हणाल्या.

नर्स मास्क घेऊन वाकली, तेव्हा त्याने मानेने तिला थांबवलं. "आई, डब्याने नवीन तुकडा घेतला असेल आपोआप. कुठपर्यंत मुदत आहे, बघशील?"

"बघते," वैजयंतीबाई म्हणाल्या.

त्यांनी घरून निघण्याआधीच पाहिलं होतं. मुदत मार्गशीर्षातली होती. आणि बाहेर बाकावर विलासराव बसले होते, त्यांना डॉक्टरांनी दुपारी दिवाळीपर्यंतचंच काय ते सांगितलं होतं, आणि तेही वाक्य पुरं केलं नव्हतं.