निवळलेले पाणी

नाल्याच्या पाण्यात तांबे सापडत नव्हते, आणि त्याच पाण्याने भरलेल्या तळ्यांत माशांची पिल्ले मरत होती.

पहिली गोष्ट खाणीच्या प्रयोगशाळेचे मुख्य रसायनज्ञ सांगत. दुसरी त्यांची थोरली बहीण. रसायनज्ञांना घरीदारी दशांशराव म्हणत, कारण किती वाजले असे विचारले तरी ते आधी घड्याळ किती मागे आहे ते सांगत. ताईची मत्स्यतळी खाणीच्या खालच्या अंगाला होती. बोटाएवढी पिल्ले, म्हणजे त्या धंद्यातली बोटुकली, आणायची, वाढवायची आणि विकायची, यावर तिचे घर चाले. आधीच्या खेपा पोट वर करून तरंगल्या होत्या. आता नवी खेप दुपारी येणार होती. हीही गेली तर तळी बुजवून जागा विकून टाकीन, असे तिने भावाला कोरड्या आवाजात सांगून ठेवले होते.

दशांशराव स्वभावाने संशयी होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी प्रथम माशांच्या खाद्यावर संशय घेतला, मग पाण्यातल्या प्राणवायूवर, मग तापमानावर; आणि या तिघांनीही निराशा केली तेव्हा ताईच्या हातगुणावर. शास्त्रज्ञाने कोणालाही मोकळे सोडू नये, हे तत्त्व त्यांनी एक माणूस वगळून सर्वांना लावले होते.

खाणीची ते भलामण करत असत असेही नाही. जेवताना कोणी विजेची तार म्हटले की पानावरचे सगळे निवेपर्यंत ते त्या तारेची जन्मकथा सांगत. खडक दळून त्याचे पीठ करायचे, पिठात पाणी आणि रसायन घालून फेस काढायचा. तांबे फेसाबरोबर वर येते, आणि उरलेले जवळजवळ सगळे पीठ मागच्या बांधाआड ओतून द्यायचे. त्या पिठात गंधक असते. त्याला हवा आणि पाणी लागले की आम्ल होते, आणि ते आम्ल राहिलेले तांबे व लोह विरघळवून वाट फुटेल तिकडे पाझरते. म्हणून तर नाल्याचे नमुने घ्यायचे. एवढे सांगून झाले की ते पुस्ती जोडत, "आपल्या नाल्यात मात्र नाही. मोजलंय मी." तोवर बायको उठून भांडी आवरायला लागलेली असे.

त्या सकाळी ताईचा फोन आला. पिल्लांची गाडी निघाली होती.

"सोडू का पिल्लं?"

"आकडा शून्याला चिकटलाय, ताई. माझ्या यंत्राला तांब्याचा कणही दिसत नाही."

"तुझ्या यंत्राला काय दिसत नाही ते कळलं. माशांना काय दिसतं ते विचारतेय."

"मासे काही शास्त्रज्ञ नसतात."

"म्हणूनच खोटं मरत नाहीत," ताई म्हणाली. "बरं, तू सोड म्हणतोस ना? मग सोडते."

फोन ठेवल्यावर दशांशरावांना ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखे बोचू लागले. बहिणीचे समाधान करावे, आणि जमल्यास तिला जन्मभराचे गप्प करावे, म्हणून त्यांनी यंत्राची परीक्षा घ्यायचे ठरवले. रीत साधी होती. आधी ज्यात कोणताही धातू नाही असे शुद्ध आम्ल यंत्राला पाजायचे. त्याने शून्य दाखवले, आणि मग मोजून घातलेले तांबे बरोबर दाखवले, की यंत्र खरे. शुद्ध आम्लाची बाटली कोठीत होती आणि कोठीची किल्ली चहाला गेली होती. टेबलावर तबकात सौम्य आम्ल होते. त्यानेच त्यांनी नुकत्याच नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या विसळल्या होत्या. ज्या बाटल्यांत तांबे नव्हते, त्यांच्या धुण्याच्या आम्लात ते कोठून येणार? त्यांनी तेच यंत्राला पाजले.

यंत्राने तांबे दाखवले, आणि तेही भरघोस.

दशांशरावांनी यंत्राला नावे ठेवली, त्याची बारीक नळी साफ केली, पुन्हा तेच पाजले. पुन्हा तेच. बाटलीभर नाल्यात काही नाही आणि बाटलीच्या धुण्यात मात्र आहे, हे कोडे त्यांनी काही वेळ यंत्राच्या वयाच्या माथी मारून पाहिले. मग न धुतलेली एक बाटली उचलून खिडकीशी धरली. तळाशी तांबूस गंजाची पातळ साय होती.

ही साय त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. नमुना घेताच, नाल्याकाठीच, त्यात आम्लाचे थेंब टाकावेत असा नियम आहे. पण एकदा खडबडीत रस्त्यावर आम्लाची कुपी कलंडली आणि दशांशरावांच्या नव्या विजारीला बसायच्या जागी खिडकी पडली. तेव्हापासून आम्ल प्रयोगशाळेतच घालायचे, असा सुधारित नियम त्यांनी स्वतः काढला. तोवर बाटल्या आठवड्याच्या सुट्टीभर फळीवर उभ्या राहत. गाळाने यंत्राची नळी तुंबू नये म्हणून ते वरचे निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घेत आणि मग त्यात आम्ल घालत. गाळाचा एक कण येऊ देत नाही म्हणून त्यांच्या हाताची ख्याती होती. ती पसरवण्याचे काम बहुतांशी त्यांनीच केले होते.

त्यांनी फोन लावला. ताई तळ्यावरच होती. गाडी आत वळत होती.

"सोडू नकोस. पाण्यात तांबं आहे."

"सकाळी नव्हतं ते?"

"सकाळीही होतं. मी ते धुऊन टाकत होतो."

पलीकडे ताईने गाडीवाल्याला थांब म्हणून हाक मारली. "कडेच्या तळ्यात विहिरीचं पाणी आहे," मग ती म्हणाली, "तिथे कोंबते सगळी. बाकीचं तुझं तू निस्तर."

दशांशरावांनी अजून न ओतलेल्या भरल्या बाटल्या गाळासकट हलवल्या, आम्ल घालून मोजल्या, आणि खाणीच्या व्यवस्थापकांना स्वच्छ अक्षरात कळवले: बांध पाझरतो आहे आणि नाल्यात माशांना मारण्याइतके तांबे आहे. ते आजवर दिसले नाही, कारण नमुन्यात आम्ल वेळेवर घातले नाही. त्यामुळे बाटलीत लोहाचा गंज होऊन तळाशी बसला, तांबे त्याला चिकटून खाली गेले, आणि मुख्य रसायनज्ञाने वरचे पाणी तपासून खालचे तांबे मोरीत ओतले.