घमेल्यातला मांगूर

आमच्या नणंदबाई, धुरपताबाई, चार दिवस राहायला आल्या की घरातल्या भांड्यांनाही सुखाने बसू देत नाहीत. त्या दिवशी विहारातून आल्या, प्लास्टिकच्या टबातला मांगूर मासा उचलून लोखंडी घमेल्यात टाकला आणि टबात आपलं लुगडं भिजत घातलं. त्या माशावर माझ्या रचनाचं पुढचं शिक्षण अडकलं होतं, हे त्यांना कोण सांगणार.

२००९ सालची गोष्ट. रचनाला रत्नागिरीला समुद्री जीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. समुद्राच्या तळाशी विजेच्या केबल टाकतात म्हणे, आणि त्यांच्या आसपास शार्क, पाकट असल्या माशांचं वागणं बदलतं. तिला तेच शिकायचं होतं. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावला चहूकडे धानाच्या बांध्या, नुसती भातशेती. माझे यजमान देवीदास एसटीचे ड्रायव्हर, पण समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. एकुलती पोरगी इतक्या लांब पाठवायला त्यांचं मन धजेना. शेवटी म्हणाले, "माशाले करंट समजते, हे मले दाखव. मंग जाजो."

म्हणून तिने बाजारातून जिवंत मांगूर आणला. पाण्यात धातू बुडवला की अगदी बारीक वीज तयार होते, ती आपल्याला कळत नाही, मांगूरला कातडीने कळते, असं तिचं म्हणणं. गढूळ पाण्यात त्याला दिसणार काहीच नाही. लाकडाची काडी जवळ नेली तर तो स्वस्थ राहील, लोखंडी सळई नेली की पळेल.

घमेलं पाहून तिचा चेहराच उतरला. पण यांना ड्युटीवर जायचं होतं आणि प्रवेश घ्यायचा तर तिला त्याच संध्याकाळी रेल्वेत बसायला हवं होतं. तिने काडी पाण्यात घातली. मासा उसळला. हे तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. मग तिने सळई घातली. मासा पुन्हा उसळला आणि यांच्या पँटवर पाणी उडालं.

"पळाला," हे म्हणाले. "जिंकली तू."

माझा जीव भांड्यात पडला. तोच ही शहाणी म्हणते, "नाही बाबा. तो काडीलेही पळाला. घमेलं लोखंडी हाये म्हणून तसं झालं असंन, पण ते मी आता दाखवू शकत नाही. प्रयोग फसला."

तिच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. कोणी विचारलं होतं? नणंदबाईंना तर आयतंच सापडलं. "झालं मंग. कायले धाडतं पोरीले एवढ्या दूर? तिकडे का करते, का नाही, कोणाले दिसते?"

"तेच भेव होतं मले, बाई," हे म्हणाले. "पण मले जे दिसलंच नव्हतं, तेही तिनं सांगून टाकलं. सोताचं नुकसान होऊन राहिलं तरी."

नणंदबाई उठून टबातलं लुगडं पिळायला लागल्या. मला रडू आवरेना.

यांनी शर्टाची बटणं लावली आणि रचनाला म्हणाले, "बॅग भर. माझीच गाडी गोंदियाले जाऊन राहिली. समोरच्या सीटवर बसजो. गोंदियापर्यंत तं दिसत राहशीन."